नवे माग कशासाठी

आमच्या ऑफिसात वर्षातून एकदा सगळ्यांना एका खोलीत कोंडून उद्दिष्टांचं झाड काढायला लावतात. वरच्या चौकटीत मोठं उद्दिष्ट, खाली त्याच्या फांद्या. खाली उतरताना 'कसं' विचारायचं, वर चढताना 'कशासाठी'. मला त्या प्रकाराचा मनापासून कंटाळा. तरी गेल्या दिवाळीनंतर अण्णा, माझा थोरला भाऊ, वडगावच्या घरातले जुने यंत्रमाग काढून नवे बसवायचं म्हणायला लागला, तेव्हा मी तेच झाड घेऊन अनगोळहून माहेरी गेले. पन्नाशीत त्यानं एवढा पसारा अंगावर घ्यायचा की नाही, हे एकदाचं ठरवायचं होतं.

मागाच्या घरात बोलणं असं नसतंच. त्या खडखडाटात सगळा कारभार खुणांनी चालतो. धागा तुटला, चहा झाला, कुणीतरी आलंय, सगळ्याला खूण आहे. 'कशासाठी'ला मात्र नाही. म्हणून मी गेल्या गेल्या माग बंद करायला लावले. आप्पा, आमचे वडील, कुरकुरले, पण आमच्याजवळ येऊन बसले.

साडीची नक्षी काढतात त्या चौकड्यांच्या कागदावर मी मधोमध लिहिलं : नवे माग. खालच्या फांद्या अण्णानं भराभर सांगितल्या. जागा, वायरिंग, सूत, कारागीर. मग मी वर चढले. नवे माग कशासाठी? धंदा टिकवायला, तो म्हणाला. आणि धंदा कशासाठी टिकवायचा? अण्णा वडिलांकडे न बघता म्हणाला, "आप्पांसाठी गं. माग बंद पडलं तर त्यांनी दिवसभर करायचं काय?"

आप्पा चमकलेच. "माझ्यासाठी? मी कवाच सोडलं असतं. तुला दुसरं काय जमणार न्हाय, ह्या काळजीनं रोज हितं येऊन बसतोय."

मला दोघांचाही राग आला आणि दोघांची मायाही आली. इतकी वर्षं एका छपराखाली एकमेकांसाठी राबले आणि एकानंही दुसऱ्याला विचारलं नाही.

आप्पांनी आवाज खाली आणला. "मग तुला काय करायचं हाय रं?"

अण्णाला हे पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. तो कागदाची कड दुमडत राहिला.

"हसू नका. मला बोलायचं काम पायजे. शहापुरात एखाद्या साडीच्या दुकानात. गिऱ्हाईक दोन शब्द बोललं की आपण चार बोलायचे."

आप्पा हसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "ते लिव्ह की वर."