पेठेचा गाळ, वाडीचा पूर

अन्याय झाला तो आमच्या वाडीतल्या सुगंधाकाकीवर. यंदा दिव्याच्या अवसेला, भर दुपारी. घासूनपुसून पाटावर मांडलेल्या समया पाण्यात उलथल्या, आणि नुकती लावणी झालेलं तिचं भात पाण्याखाली गेलं. तेव्हाच नदीच्या वरच्या अंगाला, पेठेत, व्यापारी एकमेकांना पेढे भरवत होते. पहिल्यांदाच पाणी दुकानात न शिरता त्यांच्या पायऱ्यांना शिवून परत गेलं होतं. गाळ काढणाऱ्या पोकलेनला त्यांनी झेंडूचा हार घातला होता.

तो हार बघून माझा जळफळाट झाला. अजून होतो.

मी पुराच्या वाड्यांसाठी काम करणाऱ्या एका संघटनेत फील्डवर्कर आहे. पत्रकं लिहायची, वाटायची, साहेबांच्या मागे लागायचं, हे माझं काम. आमची खालची वाडी खाडीच्या तोंडाजवळ. अवस-पुनवेला समुद्राला मोठी भरती येते, तिला उधाण म्हणतात. वरून नदी भरून आलेली आणि खालून उधाण, म्हणजे पाणी वाडीत शिरणारच. पण दरवर्षी ओहोटी लागली की ते पऱ्यातून निघून जायचं. पऱ्या म्हणजे डोंगरातून येऊन नदीला मिळणारा आमचा ओढा. यंदा पाणी दोन-तीन दिवस गेलंच नाही. पऱ्याच्या तोंडावर पेठेतला गाळ बसला होता. दगडगोट्यांचा, घरापेक्षा उंच ढीग.

तो तिथे आला कसा? आम्हीच मागितला.

चैत्रात पेठेसमोर मशीन उतरलं, तेव्हा अख्खी वाडी काठावर बसून बघत होती. आमच्याकडे साधा जेसीबी कधी आला नाही. वाडीप्रमुख गणूभाऊ शेवटी उठला आणि कॉन्ट्रॅक्टरला म्हणाला, "मशीन त्यांना, तर गाळ तरी आमाला द्या. शेतात भर पडेल." सगळ्यांनी माना डोलावल्या. पेठेला मिळालेल्यातलं काहीतरी आपल्यालाही हवं, एवढंच डोक्यात. तो पडणार कुठे, हे कुणी विचारलंच नाही.

पूर ओसरल्यावर मी आणि काकी तालुक्याच्या ऑफिसात गेलो. इंजिनीअर साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "गाळ तुमच्याच वाडीनं मागितला होता."

"शेतात मागितला होता. पऱ्याच्या तोंडात नाही."

"डंपर तिथपर्यंतच जातो, मॅडम. पुढे रस्ता कुठाय?"

"तोही तुम्हीच दिला नाहीत."

"आता पावसाळ्यानंतर बघू."

काकी टेबलाजवळ सरकली. समुद्रकाठच्या नाटे गावची माहेरवाशीण, भरती-ओहोटी बघत वाढलेली. ती म्हणाली, "साहेबानू, नारळी पुनीव पावसाळ्यानंतर येते काय?"

साहेबांनी चहा मागवला. स्वतःपुरता.

पुनवेला पुन्हा उधाण येणार होतं. भात एकदा बुडून कसंबसं तगलं होतं. पुन्हा पाणी तुंबलं असतं तर कुजलंच असतं, आणि काकीचं वर्षाचं जेवण तेवढंच. म्हणून मी पेठेत गेले. अरुणशेट हार्डवेअरवाले व्यापाऱ्यांचे अध्यक्ष. त्यांच्या दुकानासमोरच मशीन ताडपत्री पांघरून उभं होतं, आणि त्यांच्या शब्दाशिवाय हलत नव्हतं. पावसात काम बंद.

"शेट, एक दिवस द्या. पऱ्याचं तोंड मोकळं करू आणि परत आणू."

"तसं नाही गो. ते इथे दिसलं की लोकांना धीर वाटतो."

"बंद मशीनचा?"

"धीरच तो. फावडी-घमेली हवी तर ने. पण धुऊन परत आण हां."

अंगाचा तिळपापड झाला. तरी फावडी घेतली, कारण आमच्याकडची मोडकी होती. काकीला सांगितलं तेव्हा ती हसली. "धीर त्यांका, चिखल आमाला. चल, धर फावडा."

वाडीतले निम्मे पुरुष मुंबईला. ढीग फोडायला बायकाच उतरल्या, आणि गणूभाऊ. त्याला कुणी सुखानं खणू दिलं नाही. "भाऊ, भर पडली काय शेतात?" "भाऊ, अजून एक डंपर मागवा!" तो बिचारा खाली मान घालून दगड उचलत होता. ढीग हलवणं शक्य नव्हतं. त्याच्या मधून माणूस जाईल एवढा चर काढला.

पुनवेला पाणी आलं. काकीच्या पायरीपर्यंत चढलं आणि ओहोटीबरोबर त्या चरातून निघून गेलं. भात उभं राहिलं. मी फावडी धुऊन परत दिली. शेटनी पाती निरखून बघितली.

ढीग अजून तिथेच आहे. चराच्या कडा रोज ढासळतात, बायका रोज उपसतात. मशीन पेठेतच आहे, हार वाळलाय. यातून मी शिकले ते एवढंच, की दुसऱ्याचं मिळतंय म्हणून हात पुढे करण्याआधी ते कुठे ठेवणार हे विचारून घ्यावं. पण म्हणून तो गाळ आमचा होत नाही. तो पेठेचाच आहे.

तेव्हा तुमचं घर नदीच्या वरच्या अंगाला असेल आणि यंदा तुमची पायरी कोरडी राहिली असेल, तर पेढे नंतर वाटा. आधी काठाकाठानं खाली चालत जा. तुमच्या दारातला गाळ कुणाच्या दारात पडलाय ते बघा. आणि तो उचलायला तुमचं मशीन पाठवा. फावडी नकोत, मशीन.