देहदानाची रंगीत तालीम

समोरच्याचं वाक्य संपायच्या आत काकांचं बोट वर जायचं. मग चष्मा कपाळावर, आणि ठरलेले शब्द: "ते जुनं झालं भाऊ. आता त्याच्यात नवं निघालं."

कशातही नवं निघायचं. मिठात, झोपेत, मुंग्यांत, चंद्रावरच्या मातीत. मलकापूरला स्टेशन रोडवर माझं सरकी-ढेपेचं दुकान आहे. शेजारी राहणारे काका कापसाच्या जिनिंग कारखान्यातून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानातल्या बाकावर रुजू झाले. जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत उंदीर शिंकला की आमच्या गिऱ्हाइकांना त्याची खबर लागायची. म्हशीसाठी ढेप न्यायला आलेल्या माणसाला काका आतड्यातले जंतू समजावून सांगत.

"तुमचा राग हा नुसता तुमचा नाई. पोटातल्या जंतूचाही त्याच्यात हात असते, असं निघालं."

"काका, घरी म्हैस वाट पाहून राह्यली," असं म्हणून तो पोतं उचलायचा. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल. नसेल तर तुम्ही सुखी आहात, आणि थोडे कमनशिबीही.

तहानलेली झाडं बारीक टकटक करतात, पण माणसाला ती ऐकू येत नाही, हे नवं निघालं तेव्हा काकूंची अंगणातली वांगी ऐन फळावर होती. काकांनी पाणी घालायला बंदी केली. झाड मागेल तेव्हाच पाणी! आता ते मागतंय हे कळायचं कसं? काकांनी शेजारची मांजर आणून वाफ्यात बसवली. मांजरीचे कान तिखट. ते हलले की बादली न्यायची. मांजर सावली बघून झोपली. काका खुर्ची टाकून तिच्या कानांवर नजर ठेवून बसले. दोन दिवसांत वांग्यांनी माना टाकल्या.

काकू बादली घेऊन आल्या. "मले डोयानं दिसून राह्यलं नं सुकलेलं! आवाज कायले पाह्यजे?"

"संशोधन बरोबर हाये," काका म्हणाले, "मांजर आळशी निघाली."

मग एक दिवस बातमी आली की डुकराची किडनी माणसाला बसवली. त्या दिवशी काका बाकावर बसलेच नाहीत, उभ्यानेच बोलले. "पाहा भाऊ, डुक्कर कामी येऊन राह्यलं! अन् आपन? आपली नुसती राख? डॉक्टर होनारी पोरं शिकतीन कोनावर?" आठवडाभरात त्यांनी देहदानाचा अर्ज आणला. मरणानंतर देह अकोल्याच्या मेडिकल कॉलेजला. घरच्यांची संमती हवी होती, म्हणजे काकूंची. मूलबाळ नव्हतं.

काकूंनी सही केली नाही. एरवी त्या काकांना हसून सोडून देत, या वेळी हसल्या नाहीत. "मानूस गेल्यावर बाईनं हात जोडाले जागा असते," त्या म्हणाल्या. "तुमी मले कुठं सापडसान?"

काकांचं बोट वर गेलं आणि तसंच खाली आलं.

पण माणूस चिवट. अकोल्याच्या वाटेत देहाचे हाल होतील अशी काकूंना भीती वाटत असेल असं त्यांनी स्वतःच ठरवलं आणि तालीम काढली. माझा टेम्पो, मी चालक, मागे ढेपेच्या रिकाम्या पोत्यांवर काका आडवे, अंगावर पांढरी चादर. काकूंना माझ्याशेजारी बसवलं. मी नको नको म्हणत होतो, पण काकांपुढे माझं कधी चाललंय? प्रत्येक गतिरोधकाला मागून आवाज यायचा, "हळू घे बे, मी मेलेलो हाओ!"

नांदुऱ्याला चहासाठी थांबलो. हॉटेलवाल्याने चादर पाहिली, डोक्यावरची टोपी काढली, हात जोडले. हलक्या आवाजात विचारलं, "कोन गेलं बाप्पा?"

तेवढ्यात चादर उठून बसली. "माह्या चहात साखर कमी टाक. साखरेत नवं निघालं."

हॉटेलवाला कढईला अडखळून पळाला, त्याच्यामागे दोन गिऱ्हाइकं भजी तशीच सोडून पळाली. त्यांची समजूत घालण्यात तासभर गेला. काकू टेम्पोत पोट धरून हसत होत्या. तालीम तिथेच संपली आणि आम्ही परत फिरलो. सही मात्र झाली नाही.

गेल्या हिवाळ्यात काका सकाळी चहा पिता पिता गेले. रोहिणखेडहून त्यांचे धाकटे भाऊ आले, तिरडीची तयारी सुरू झाली. अर्जाचा विषय मी हळूच काढला, तर भाऊ कडाडले, "आमच्यात असं होत नसते!" सगळी गल्ली काकूंकडे बघायला लागली. काकूंनी काकांच्या तोंडाकडे पाहिलं.

"माह्यं मन नाई," त्या म्हणाल्या. "पन देह त्यायचा हाये. आना तो कागद." त्यांनी सही केली तेव्हा कागद मी धरला.

पुढे महिन्याभराने त्यांनी मला अकोल्याला चल म्हटलं. देह ठेवतात त्या खोलीचं दार बंद होतं, आत बाहेरच्यांना सोडत नाहीत. तिथल्या मॅडम बाहेर आल्या, काकूंना खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाल्या, नवी मुलं आली की पहिल्या दिवशी कोणी हत्यार हातात घेत नाही. आधी सगळे या देहासमोर उभे राहतात, मान देऊन शपथ घेतात, मग मौन पाळतात.

"किती पोरं?" काकूंनी विचारलं.

"शंभर."

"शंभर जन गप उभे," काकू म्हणाल्या, "अन् हे काईच बोलले नाई?"

काकू उठल्या, पदर डोक्यावर घेतला आणि त्या बंद दाराला हात जोडले.