त्याच्या नावावरचा माझा नंबर

शेवगाव तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर नर्स म्हणून बदली झाली, तेव्हा मी एस.टी. स्टँडजवळच्या एका दुकानातून मोबाईलचं कार्ड घेतलं. मतदान ओळखपत्राची झेरॉक्स दिली, एक फोटो दिला, दुकानदाराने बोट ठेवलं तिथे सही केली. तासाभरात फोन चालू झाला. पुढची चौदा वर्षं तो नंबर माझा आहे याबद्दल मला कधी शंका आली नाही. यायचं कारणच नव्हतं.

उपकेंद्राच्या भिंतीवर मी तो नंबर ऑइलपेंटने लिहून घेतला होता. बाळांच्या लसीकरणाच्या कार्डावर, गरोदर बायांच्या कार्डावर, सगळीकडे तोच. दिवाळी झाली की आमच्या भागातली निम्मी गावं ऊसतोडीला निघून जातात. सात महिन्यांची पोटुशी बाईसुद्धा जाते. मग कारखान्यावरून फोन यायचा, "सिस्टर, पाय लई सुजल्यात, काय करू?" मी जवळच्या सरकारी दवाखान्याचा पत्ता सांगायचे, तिथल्या नर्सशी बोलून घ्यायचे. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी हे फोन थांबले नव्हते, आणि ते थांबावेत असं मलाही वाटत नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात कंपनीचा मेसेज आला. महिनाअखेर आमची सेवा बंद होत आहे, आपला नंबर कायम ठेवून दुसऱ्या कंपनीत जावे. चौदा वर्षांच्या गिऱ्हाईकाला दोन ओळी, त्याही इंग्रजीत. मी दोनदा वाचला, मग सांगितल्याप्रमाणे मेसेज पाठवून कंपनी बदलायचा कोड मागवला आणि वहीत लिहून ठेवला. दुसऱ्या दिवशी शेवगावला नव्या कंपनीच्या दुकानात गेले. तिथल्या बाईने माझं आधार कार्ड घेतलं, अंगठा घेतला, म्हणाली, दोन-तीन दिवसांत होईल.

तिसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. "मॅडम, तुमचं परत आलंय. नाव जुळत नाही."

"स्पेलिंगची चूक असेल."

"स्पेलिंग नाही मॅडम. नंबर तुमच्या नावावरच नाहीये."

मला आधी हसू आलं. मग तिने सांगितलं की कुणाच्या नावावर आहे ते तिला दिसत नाही, त्यासाठी जुन्या कंपनीच्या नगरच्या ऑफिसात जावं लागेल, आणि तेही आहे तोवर. ते ऐकल्यावर हसू कुठल्या कुठे गेलं.

नगरला ते ऑफिस सापडलं तेव्हा त्याची पाटी उतरवलेली होती. आत तीन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक कॉम्प्युटर आणि एक गृहस्थ उरले होते. मी पेन्शनचं पुस्तक, आधार, जुनं ओळखपत्र सगळं त्यांच्यापुढे मांडलं. त्यांनी बराच वेळ शोधून जुना फॉर्म काढला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"हे तुम्हीच का?"

स्क्रीनवर पंचविशीतला एक माणूस होता. जाड मिशी, चौकटीचा शर्ट. शेजारी त्याचं मतदान ओळखपत्र, त्यावर पाथर्डी तालुक्यातल्या एका गावाचा पत्ता.

"तुम्हाला मी मिशीवाला पुरुष दिसते का?" मी म्हणाले.

"रेकॉर्डप्रमाणे विचारावं लागतं मॅडम." त्यांचा आवाज जराही बदलला नाही. "हा माणूस स्वतः आला तर नंबर त्याच्या नावावर दुसऱ्या कंपनीत जाईल. नाहीतर सोडून द्या. नंबर काय, दुसरा मिळतो."

दुसरा मिळतो! शेकडो कार्डांवर लिहिलेला, ऊसतोडीवरच्या कुठल्या कुठल्या पाचटाच्या कोपीत कुडाला अडकवलेल्या कागदावर असलेला नंबर मी त्या बायांकडून कसा बदलून घेणार होते? मी कागद गोळा करून बाहेर आले. फॉर्मवरचं नाव आणि गाव मात्र मी वहीत उतरवून घेतलं होतं. ते नाव इथे लिहीत नाही. बिचाऱ्याचं नाव पुष्कळ ठिकाणी लिहून झालेलं आहे.

शेवगावात उतरले ती सरळ त्या दुकानात गेले. आता ते दुकान राहिलं नव्हतं, काचेची शोरूम झाली होती. मालक तोच. केस काळे केलेले. त्याने मला ओळखलं, खुर्ची दिली, चहा सांगितला.

"चहा नको," मी म्हणाले. "मी तुम्हाला माझी कागदपत्रं दिली होती. मग कार्ड दुसऱ्याच्या नावावर कसं?"

"बाई, त्या काळात सगळेच करायचे," तो म्हणाला. "तुमचे कागद वर जाणार, तपासून येणार, चार दिवस लागणार. गिऱ्हाईकाला थांबायला नको असतं. म्हणून आमच्याकडं तयार फॉर्म असायचे. तुमची सोयच केली की."

"आणि माझ्या कागदांचं काय केलं?"

"असतील लागले कुठंतरी."

एवढं शांतपणे बोलला तो! टेबलावर ठेवलेल्या माझ्या पर्सकडे बघून म्हणाला, "मोबाईलला कव्हर देऊ का नवीन? तुमच्याकडून काही घेणार नाही." मी उठले. तिथून पोलीस ठाण्यात गेले. अंमलदाराने सगळं ऐकून घेतलं आणि साधा अर्ज द्या म्हणाला. मी अर्ज लिहिला, पोच घेतली. ती पोच आजही माझ्याकडे आहे. तिच्यापुढे काही झालं नाही.

महिना संपायला नऊ दिवस होते. फॉर्मवरच्या गावची आशा कार्यकर्ती माझ्या ओळखीची निघाली. तिने चौकशी करून कळवलं, तो माणूस बायकोसोबत नेवासे भागात ऊसतोडीला गेला आहे. टोळी कुठल्या शिवारात उतरली आहे तेही तिने काढून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी निघाले, नेवाशाहून रिक्षा केली आणि शेवटचा रस्ता पायी तुडवला.

उसाच्या फडात तोड चालू होती. पुरुष कोयते मारत होते, बाया मोळ्या बांधत होत्या. एका बाईला मी तो माणूस कुठे आहे म्हणून नाव घेऊन विचारलं. तिने माझ्या साडीकडे, पर्सकडे, वहीकडे पाहिलं.

"त्ये न्हाईत हितं," ती म्हणाली.

तिच्यामागे चार हातांवर एक माणूस आमच्याकडे पाठ करून उभा राहिला होता. सगळ्यांचे कोयते चालू होते, त्याचाच थांबला होता.

"मी पोलीस नाही," मी मोठ्याने म्हणाले. "नर्स आहे. पेन्शनर."

तो वळला. चाळिशीतच मिशी पांढरी झालेली, गाल आत गेलेले, पण फोटोतलाच. पहिलं वाक्य बोलला ते असं, "आता कंचा नंबर?"

मी सांगितलं. फोन काढून दाखवला. तो खाली बसला, ती बाई, त्याची बायकोच, त्याच्या शेजारी बसली, आणि मग दोघं मिळून बोलायला लागली. पाच वर्षांपूर्वी कुणीतरी कुठल्यातरी बाईला फोनवर घाण बोललं होतं. तो नंबर याच्या नावावर. "दोन दिस ठान्यात बसवून ठिवलं," तो म्हणाला. "म्या म्हनलं, सायेब, नाव माजं हाय, पर फोन माजा न्हाई. कोन आयकतंय?"

"तुमचे कागद त्या शेवगावच्या दुकानात कसे गेले?"

"झेरॉक्स काढाया गेल्तो. मतदानाच्या कार्डाची. येकच काढ म्हनलं हुतं. फोटू बी तिथंच काढल्याला."

त्याची बायको म्हणाली, "आन् ह्यास्नी सोताला कार्ड भेटंना, त्ये सांगा की."

तेव्हा मला ते कळलं. हा माणूस स्वतःसाठी कार्ड घ्यायला गेला, तर दुकानात सांगितलं की तुझ्या नावावर नऊ नंबर आहेत, एका माणसाला नऊच मिळतात, दहावा मिळणार नाही. नवांपैकी एकही त्याच्या हातात नव्हता. त्याच्या खिशातला फोन मेहुण्याच्या नावावर होता. आणि नवांतला एक चौदा वर्षं माझ्या पर्समध्ये वाजत होता. मी त्या दुकानदारावर, त्या कंपनीवर चिडून इथवर आले होते. आता या माणसापुढे मला स्वतःचीच लाज वाटायला लागली आणि तिच्यामागून पुन्हा संताप आला, आधीपेक्षा मोठा. आमची दोघांची कागदपत्रं घेऊन एकाने शोरूम उभी केली होती, आणि आम्ही दोघं उन्हात एकमेकांना खुलासे देत बसलो होतो.

"म्या येतो," तो म्हणाला. "पर माजे बाकीचे आठ बंद करून द्या."

टोळीचा मुकादम ऐकेना. एक माणूस गेला की गाडी भरायला उशीर होतो म्हणाला. मी त्याला माझ्या नोकरीतल्या आवाजात समजावलं, तेव्हा त्याने एक दिवस दिला.

सोमवारी तो शेवगावला आला. धुतलेला शर्ट, बायकोने बांधून दिलेली भाकरी. काउंटरवरच्या त्याच बाईने त्याचं आधार घेतलं आणि अंगठा मशीनवर ठेवायला सांगितलं. मशीनने घेतला नाही. दुसरा घेतला नाही. तर्जनी, मधलं बोट, काहीच नाही.

"काका, हात नीट धुऊन या," ती म्हणाली.

तो हात धुवायला उठला. मला राहवलं नाही. "हात धुतलेलेच आहेत," मी म्हणाले. "पंधरा-वीस वर्षं ऊस तोडला की बोटांवर रेषा राहत नाहीत. तुमच्या मशीनला सांगा धुऊन यायला."

ती गोरीमोरी झाली. तिची काही चूक नव्हती, हे मलाही कळत होतं. शेजारच्या हॉटेलातून मी कोमट पाणी आणलं, पर्समधलं व्हॅसलीन काढलं, आणि त्याची बोटं त्यात भिजवून, पुसून, चोळून एकेक लावायला सांगितलं. योजनांच्या पैशासाठी अंगठा द्यावा लागे तेव्हा हे मी दवाखान्यात कितीतरी बायांसाठी केलं होतं. डाव्या करंगळीवर मशीनचा हिरवा दिवा लागला. तो स्वतःच्या करंगळीकडे बघत राहिला.

कागद तयार होईपर्यंत ती बाई म्हणाली, "मॅडम, तुमच्या नावावर किती नंबर आहेत ते बघू का? सरकारच्या साईटवर दिसतं." जुन्याचं नक्की नव्हतं म्हणून मधल्या दिवसांत मी माझ्या आधारवर एक नवीन कार्ड घेतलं होतं. त्यावर आलेला ओटीपी मी तिला सांगितला. यादी उघडली. माझं ते नवीन कार्ड सोडून आणखी चार नंबर. मी आयुष्यात न पाहिलेले.

मतदान कार्ड दिलं होतं, सही केली होती, फोटो दिला होता. चौघं अनोळखी लोक माझ्या नावाने बोलत होते.

"चारच व्हय?" तो म्हणाला, आणि भेटल्यापासून पहिल्यांदा हसला. "माजे नऊ हायेत, बाई."

चारही नंबरांपुढे 'हा माझा नाही' अशी खूण मी तिथेच करून टाकली.

महिना संपायच्या दोन दिवस आधी माझा जुना नंबर नव्या कंपनीत चालू झाला, त्याच्या नावावर. मग त्याच्या नावावरच्या नंबरांची यादी उघडली, ओटीपी माझ्याच फोनवर आला. त्याला मेहुण्याच्या फोनवर गाठून एकेक नंबर वाचून दाखवत मी आठांपुढे खूण केली. पुढच्या पंधरवड्यात ते बंद झाले आणि त्याला स्वतःच्या नावावर पहिलं कार्ड मिळालं. नेवाशाच्या बाजारातून त्यानेच मला फोन केला. "ह्यो माजा हाय," एवढंच म्हणाला आणि ठेवला.

नंबर माझ्या नावावर करायला आणखी तीन महिने थांबावं लागेल असा नियम निघाला. तोवर कागदावर मी तो मिशीवालाच होते. कारखाना बंद झाल्यावर टोळी घरी परतली आणि ठरल्याप्रमाणे तो पाथर्डीहून शेवगावला आला. मी बोलावण्याची वाटही पाहिली नव्हती त्याने. काउंटरवरच्या बाईने फॉर्म भरला. कारणाच्या रकान्यात तिने काहीतरी लिहिलं आणि सहीसाठी कागद त्याच्यापुढे सरकवला.

"काय लिवलंय?" त्याने विचारलं.

"नंबर दुसऱ्याला देताय त्याचं कारण," ती म्हणाली. "स्वेच्छेने, असं लिहावं लागतं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "म्हंजी?"

"आपल्या खुशीने," मी म्हणाले.

"खुशीनं," तो म्हणाला. त्याने पेन हातात घेतलं. मग त्याने सही केली. नाव पूर्ण लिहिलं, बापाचं, आडनाव, सगळं, एकेक अक्षर सुटं सुटं, रकान्याच्या बाहेर जाईपर्यंत.