साडूच्या बागेचं पाणी

टाकीराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर माणूस वर्षानुवर्षं बसला, की लोक दुसरं काय म्हणणार? सकाळी चहा झाला की ते पंपाच्या खोलीचं पत्र्याचं दार उघडायचे, पंप सुरू करायचे आणि कठड्यावर चढून खाली पसरलेल्या द्राक्षबागेकडे बघत बसायचे. रस्त्याने जाणारे टवाळ म्हणायचे, "बसले बघा उंटावर, निघाले शेळ्या हाकायला." टाकीराव ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. घरजावयाला ही कला लवकर येते.

हो, घरजावई. बाग सासऱ्यांची, घर सासऱ्यांचं, जेवायचं ताटसुद्धा सासूबाईंनी वाढलेलं. छाटणी कधी करायची, खत कुठलं घालायचं, औषध कधी मारायचं, सगळं सासरे ठरवणार. टाकीरावांच्या वाट्याला एकच गोष्ट आली होती, ती म्हणजे पाणी. पंपाच्या खोलीची चावी त्यांच्या कमरेला असे आणि झोपताना उशाखाली. बायको म्हणायची, "मला एखाद्या दिवशी बाजारात विसरून याल, पण ही चावी नाही विसरायचे." तिचं काही खोटं नव्हतं. ती चावी गेली तर या घरात आपण कोण, याचं उत्तर त्यांच्याजवळ नव्हतं.

आणि अशा माणसाच्या घरात साडू राहायला आला.

धाकट्या मेव्हणीचा नवरा बसवर कंडक्टर होता. त्याची गाडी बंद झाली, नोकरी गेली, तशी सासऱ्यांनी लेक आणि जावई दोघांना घरी आणलं. आला तोच हसत. हसण्यासारखं काय घडलं होतं देव जाणे. द्राक्षाबद्दल त्याला एवढंच ठाऊक की ती गोड असतात. पण विचारायला लाजेल तर शपथ. "मामा, ही काडी का कापायची? मग ही का ठेवायची?" आणि सासरे चक्क सांगत बसायचे. सासऱ्यांना इतकं बोलताना टाकीरावांनी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांनी स्वतः कधी काही विचारलंच नव्हतं. घरजावयाने विचारायचं नसतं, ऐकायचं असतं, असा त्यांचा समज.

उन्हाळा लागला आणि खरड छाटणी झाली. या छाटणीत जुनी वाढ सगळी काढून टाकायची आणि वेल पार बोडकी करायची. मग उन्हाळाभर तिच्यावर नव्या काड्या वाढतात, आणि ऊन सरल्यावर दुसरी छाटणी केली की त्याच काड्यांतून घड बाहेर येतात. छाटणीचा शेवटचा भारा बांधून झाल्यावर सासऱ्यांनी दोन्ही जावयांना ओट्यावर बोलावलं.

"माझे गुडघे गेले," ते म्हणाले. "आता बाग एकाच्या हाती द्यायची. रस्त्याकडची अर्धी थोरल्याने सांभाळायची, विहिरीकडची धाकट्याने. दुसऱ्या छाटणीनंतर ज्याच्या बाजूला घड जास्त, बाग त्याच्या हाती आणि पंपाची चावीही त्याच्याच कमरेला. तोवर चावी थोरल्याकडे राहील. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही."

कंडक्टर हसून म्हणाला, "मामा, मग झालीच म्हणायची दादांची."

टाकीरावांनाही तसंच वाटलं. पण त्याने ते तोंडाने म्हणावं, हे त्यांना आवडलं नाही.

ऊन असं पडलं होतं की पंपाच्या खोलीच्या दाराला हात लावायची सोय नव्हती. अशा उन्हात वेलीवरचे कोंबांचे डोळे फुटायचे तर जमीन सतत ओली हवी. टाकीराव पहाटेच दोन्ही कॉक उघडायचे, एक रस्त्याकडचा आणि एक विहिरीकडचा. सुरुवातीला त्यांनी पाणी अगदी सारखं दिलं, हे सांगायलाच हवं. पण पाणी सारखं असलं म्हणून माणसं सारखी नसतात. कंडक्टरने कुठून कुठून वाळकं गवत आणून वेलींच्या बुडाशी अंथरलं. भर दुपारी डोक्याला ओला पंचा बांधून तो खोडांवर पाणी शिंपडत हिंडायचा. आणि वर ती जुनी शिट्टी. ओळीच्या तोंडाशी उभा राहून तो शिट्टी फुंकायचा आणि वेलींना म्हणायचा, "पुढे सरका, पुढे सरका, मागून लोक येतायत."

सासरे ओट्यावर पोट धरून हसायचे. सासूबाई हसायच्या. टाकीरावांची स्वतःची बायको, तीसुद्धा हसायची.

आणि वेली खरंच पुढे सरकल्या. विहिरीकडची बाग आधी फुटली. रस्त्याकडच्या वेली अजून एक डोळा उघडून बघत होत्या, तोवर तिकडे पानं आली होती. जेवताना सासरे म्हणाले, "धाकट्याच्या हाताला गुण आहे बरं का." टाकीरावांचा घास तोंडातच फिरायला लागला. इतक्या वर्षांत त्यांच्या हाताला गुण आहे की अवगुण, हे कोणी बोललं नव्हतं. आमच्या पाण्यावर वाढली ना बाग? मग गुण कोणाचा? पण हे बोलायचं कोणाला? ते पाणी प्यायले आणि उठले.

"काय झालं? पोटात दुखतंय का?" बायकोने विचारलं.

"नाही."

"मग डोळ्यांत दुखत असेल," ती म्हणाली आणि भांडी उचलून गेली.

त्यांना रात्रंदिवस दुसरं सुचेना. स्वतःच्या ओळीत उभे असले तरी मान विहिरीकडे वळायची. त्याची काडी आपल्यापेक्षा लांब. त्याचं पान आपल्यापेक्षा रुंद. त्याची शिट्टी ऐकू आली की अंगाचा तिळपापड व्हायचा, आणि ऐकू आली नाही तर हा गप्प बसून काय करतोय म्हणून जीव टांगणीला. जळणाऱ्या माणसाला सुट्टी नसते.

एका सकाळी ते पंपाच्या खोलीत गेले. आत गार होतं, जमीन ओली होती, आणि दोन नळांवरचे दोन कॉक शेजारी शेजारी होते. त्यांनी रस्त्याकडचा पूर्ण उघडला. विहिरीकडच्यावर हात ठेवला आणि अर्ध्याच्या खाली आवळला. एवढंच. मग दार लावून घेतलं आणि कठड्यावर जाऊन बसले.

थोड्याच दिवसांत फरक दिसायला लागला. विहिरीकडच्या काड्यांचे शेंडे थांबले. पानं दुपारी मान टाकायची. कंडक्टरला वाटलं, ठिबकच्या नळ्यांमध्ये क्षार साचला असेल. तो सुई घेऊन बसला, आणि एकेका वेलीपाशी गुडघे टेकून थेंब पडायचं एकेक भोक साफ करत सुटला, ते सगळी बाग संपेपर्यंत. टाकीराव वरून बघत होते. भोकं साफ करून काय उपयोग, हे त्या बागेत एकट्या त्यांनाच ठाऊक होतं. बघताना त्यांना बरं वाटलं. मग थोडं कमी बरं वाटलं. पण कॉक काही त्यांनी सोडला नाही.

शेवटी कंडक्टर घाम पुसत टाकीपाशी आला. "दादा, माझ्याकडे पाणी कमी येतंय का हो?"

"ऊन बघताय ना? टाकीच भरत नाही," टाकीराव म्हणाले.

"तुमच्याकडे पोचतंय ना पण?"

"पोचतंय कसंबसं."

"मग माझं अजून कमी केलंत तरी चालेल. माझं गवत आहे ओल धरायला. तुमच्या बाजूला सावली नाही, काही नाही."

म्हणजे बघा, चांगुलपणातही हाच पुढे. टाकीरावांना इतका राग आला की दुसऱ्या दिवशी त्यांनी खरोखरच अजून एक फेर आवळला.

आता यात एक गोम होती. दरवर्षी काड्या ऐन भरात आल्या की सासरे ओट्यावरून सांगायचे, "कॉक आवळ." वेली हिरव्यागार, चढाला लागलेल्या, आणि म्हातारा म्हणणार पाणी तोड. टाकीराव मुकाट्याने तोडायचे आणि मनात म्हणायचे, कंजूष आहे झालं, विहिरीतलं पाणीसुद्धा मोजून ठेवतो. का तोडायचं हे त्यांनी कधी विचारलं नाही. यंदा सासरे शब्द देऊन बसले होते, बोलायची सोय नव्हती. मग टाकीराव कशाला तोडतात? त्यांनी हात सैल सोडला. रस्त्याकडची बाग अशी माजली की मांडवाखाली दुपारी अंधार पडायचा. शेंडे खुडावे तर चार दिवसांत तेवढेच परत. बगलेतून फुटवे, फुटव्यांतून फुटवे. जाणारा येणारा थांबून बघायचा. सासरेही एकदा काठी टेकत येऊन बघून गेले. काही बोलले नाहीत, फक्त एक काडी वाकवून पाहिली. टाकीरावांना वाटलं, म्हाताऱ्याची बोलती बंद झाली.

तिकडे विहिरीकडे काड्या बुटक्या राहिल्या आणि लवकर तांबूस झाल्या. कंडक्टरची शिट्टी खिशातच राहायला लागली. त्या उन्हाळ्यात टाकीराव दोन्ही वेळा पोटभर जेवायचे आणि गाढ झोपायचे.

ऊन सरलं. दुसरी छाटणी झाली. डोळे फुगले, फुटले, आणि सासरे दोन्ही जावयांना घेऊन बाग बघायला निघाले. मागून दोघी बहिणीही आल्या.

आधी विहिरीकडे. प्रत्येक काडीवर कोवळ्या फुटीच्या कुशीत घड होता, कुठे कुठे दोन. हिरवे, मोहरीएवढ्या कळ्यांचे, पण घड. कंडक्टर तोंड उघडं टाकून बघतच राहिला.

मग रस्त्याकडे. फूट जोरदार होती, पानं तळहाताएवढी. सासऱ्यांनी एक फूट बाजूला केली. घडाच्या जागी नुसती बाळी, आधार शोधणारा वेटोळा तणावा. पुढची काडी, तिथेही बाळीच. त्याच्या पुढे, त्याच्याही पुढे. बडा घर, पोकळ वासा. टाकीरावांना कमरेची चावी एकदम जड लागायला लागली.

"काडी नुसती वाढत राहिली की घड धरत नाही," सासरे कोणाकडेच न बघता म्हणाले. "भरात आली की पाणी तोडायचं. मग तिची वाढ थांबते आणि डोळ्यात घड बसतो." आणि कंडक्टरकडे वळून, "तुला कोणी सांगितलं रे पाणी तोडायला? मी तर बोललो नव्हतो."

"मला काय कळतंय, मामा? दादांनी तोडलं," कंडक्टर म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "मला वाटलं खरंच टाकी भरत नाही. मला उपकार वाटू नयेत म्हणून टाकीचं निमित्त सांगितलंत ना, दादा?"

सासरे टाकीरावांकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे तुला ठाऊक होतं. साडूचं बरोबर वेळेला तोडलंस आणि स्वतःचं चालू ठेवलंस. ज्याला कळतं तो स्वतःची बाग चुकून अशी माजवत नाही. नोकरी गेलेल्या माणसाला जिंकू द्यायचं, म्हणून हरलास."

टाकीरावांनी तोंड उघडलं. पण त्यातून शब्द आला नाही, आणि न बोलणं हेसुद्धा सगळ्यांना मोठेपणच वाटलं.

"बाग दोघांनी मिळून करा," सासरे म्हणाले. "चावी थोरल्याकडेच राहील. कायमची."

घरी परतताना बायको त्यांच्या जोडीने चालत होती. मग खालच्या आवाजात म्हणाली, "इतके चांगले कधीपासून झालात? मला कळवायचं तरी."

पुढे घरी पाहुणा कोणीही येवो, कंडक्टर ती गोष्ट सांगितल्याशिवाय त्याला सोडायचा नाही. सासूबाई आता टाकीरावांचं ताट आधी वाढायच्या. रस्त्यावरचे टवाळ नमस्कार करायचे. टाकीराव कठड्यावर बसून त्या थोरल्या जावयाची गोष्ट ऐकायचे, मोठ्या मनाच्या, साडूसाठी हरलेल्या माणसाची. आणि त्या माणसाचा त्यांना इतका हेवा वाटायचा की कंडक्टरचाही तितका कधी वाटला नव्हता. कंडक्टरचं निदान पाणी तोडता येत होतं. याचं कुठून तोडणार?

पुन्हा उन्हाळा आला, पुन्हा खरड छाटणी झाली. काड्या भरात आल्या. एका सकाळी कंडक्टर टाकीपाशी आला. "दादा, पाणी आज तोडायचं की अजून थांबायचं?"

टाकीरावांनी बागेकडे पाहिलं. अंदाजाने काहीतरी ठोकून देता आलं असतं. इतकी वर्षं निभावलं, अजून निभावलं असतं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

"थट्टा करता होय?"

"नाही हो. मला कधीच माहीत नव्हतं. गेल्या वर्षीही नव्हतं."

कंडक्टरचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. त्याने पंपाच्या खोलीकडे पाहिलं, मग खाली स्वतःच्या ओळींकडे, जिथे तो सुई घेऊन गुडघ्यांवर फिरला होता. टाकीराव कठड्यावरून खाली उतरले, कमरेची चावी काढली आणि कठड्यावर दोघांच्या मध्ये ठेवली.

"चला, मामांना विचारू," ते म्हणाले.

कंडक्टरने चावी उचलली, बाहीला पुसली, आणि परत टाकीरावांच्या हातात दिली. "विचारा तुम्हीच," तो म्हणाला. "मी ऐकतो." मग दोघे ओट्याकडे निघाले, आणि या वेळी कंडक्टर दोन पावलं मागे होता.