दिनकरची रुंद नाव

“आयुष्यभर समुद्रावरची जहाजे आखलेल्या दिनकर वासेकरांना आपल्या नदीची आणि आपल्या माणसांची ओळख उरली नव्हती, घाटावरची ती बोजड, रुंद नाव हीच त्याची साक्ष.” दिनकर जाऊन महिनाही उलटला नव्हता, तोच एका प्राध्यापक महाशयांनी याच पुरवणीत हे वाक्य लिहिले. श्रद्धांजलीच्या लेखातले आहे, सोडून द्या, असे मला अनेकांनी सुचवले. मी सोडणार नाही. ग्रामपंचायत दुसरी नाव घेण्याच्या विचारात आहे, आणि या लेखाचे कात्रण दाखवून काही मंडळी अरुंद, वेगवान नावेचा आग्रह धरू लागली आहेत. केवळ मित्राच्या अब्रूचा प्रश्न असता तरी मी वाद घातलाच असता. इथे तर जिवंत माणसांनी कशात बसून नदी ओलांडायची, हे ठरायचे आहे.

दिनकर गोंडपिपरी तालुक्यातल्या आमच्याच गावचा, माझा वर्गबंधू. किनाऱ्यावरच्या एका जहाज कारखान्यातून निवृत्त होऊन तो परतला, तेव्हा वैनगंगेपलीकडे गडचिरोली जिल्ह्यात नेणारी आमची जुनी नाव कुजत आली होती. नवी आखण्याचे काम त्याने आपणहून घेतले, आणि कागदाला हात लावण्याआधी कित्येक दिवस नुसता त्या जुन्या नावेतून ये-जा करत बसला. महाशय ज्याला ‘ओळख नसणे’ म्हणतात, ते हे! आमच्या पात्रात मधोमध एक खडक आहे, त्यावर माय, आमची नदीदेवी, आहे. खडक जवळ आला की धानवाले शेतकरी काय, बाजारला निघालेली गोंडांची कुटुंबे काय, सारे उठतात, नावेच्या एकाच काठाला जातात, फुले टाकतात, जोहार करतात. नाव कलते. नावाडी सोमाजी ओरडतो, “बसा ना बाप्पा, बसा!” कोणी बसत नाही. मी जन्मभर मुख्याध्यापक. मी सुचवले की उठण्यास मनाई असल्याची पाटी लावावी. दिनकर खो खो हसला. “तू शाळेत पोट्टे बसवले, मास्तर. मायपुढं माणसं बसवून दाखव! माणूस उठणार, एकाच बाजूले जाणार, हे धरूनच नाव आखाची.”

एके दुपारी त्याने मला अंगणातल्या हौदापाशी नेले आणि पाण्यात एक गोल ओंडका व एक पितळी परात सोडली. दोन्ही तरंगू लागली. “तरंगाचं काई नाई,” तो म्हणाला, “आपल्या वजनाइतकं पाणी बाजूले सारलं का वस्तू तरंगते. कलल्यावर सरळ होते का, ते पाह्य.” त्याने ओंडक्याच्या कडेवर बोट ठेवले, ओंडका गर्रकन फिरला. परातीची कड दाबून सोडली. परात डुलली आणि सावरली. कललेली बाजू पाण्यात अधिक बुडते, म्हणून पाण्याचा वर उचलणारा रेटा त्या बाजूला सरकतो. नाव जितकी रुंद, तितका तो रेटा दूर आणि सावरण्याचे बळ मोठे. इंजिन, पोती, सारे ओझे तळाशी ठेवायचे, आणि कितीही कलली तरी काठ पाण्याच्या वर उरला पाहिजे. अशी नाव सावकाश चालते. ते त्याला ठाऊक होते. त्याने वेग जाणूनबुजून सोडला होता.

सोमाजीला मात्र ती पटेना. “साहेब, हे नाव हाय का खाट?”

“खाट कधी पलटली का रे, सोमा?”

चाचणीच्या दिवशी दिनकरने सगळ्यांना मुद्दाम एका काठाला उभे केले. गावातल्या वडीलधाऱ्या सोनीबाई आत्राम कडाडल्या, “काऊन साहेब, आमाले बुडवून राह्यले का?”

“मीबी तुमच्यासंगंच आहो ना, बाई.”

“तुमाले पोहता येते!”

नाव कलली... आणि थांबली. दिनकरने वाकून काठ आणि पाणी यांच्यामध्ये आपला पंजा उभा धरला, आणि सोमाजीकडे बघून नुसती भुवई उडवली. सोमाजीने त्यानंतर कोणाला बसा म्हटलेले मी ऐकले नाही. आज तोच दारोदार सांगत फिरतो आहे, “नवीबी असीच पाह्यजे, रंग पायजे तो मारा.” निम्मी ग्रामसभा त्याने आताच वळवली आहे. उरलेल्या निम्म्यांसाठी हा लेख.

दिनकरच्या अस्थी त्याच नावेतून नेल्या. नाव गच्च भरली होती. खडकापाशी त्याच्या मुलीने कलशाचे तोंड सोडले आणि सारे गाव उठून एका काठाला लोटले... मीही. नाव कलली, थांबली, आणि माणसे परत बसू लागली तशी सावरली. त्या गर्दीत सर्वांच्या पुढे, काठावर ओणवे होऊन मोबाइलवर छायाचित्र घेणारे गृहस्थ हेच प्राध्यापक महाशय होते. नावेला त्यांनी खुशाल बोजड म्हणावे. पैलतीरी मी स्वतः हात देऊन त्यांना उतरवले. त्यांचे पायमोजे कोरडे होते.