तळाचं गार पाणी

टाकीतलं पाणी मी कालवलं होतं. त्यामुळे शिवलीलाअक्कांचं यंत्र बदनाम झालं आणि मी ते लपवलं. हे आधी सांगितलं नाही, तर पुढचं सगळं कौतुक खोटं ठरेल.

अक्का गडहिंग्लजच्या, इंजिनिअर. मी देखभाल बघायचो त्या कोडोलीजवळच्या दूध डेअरीत त्यांनी स्वतः बांधलेला हीट पंप बसवला होता. दुधातली उष्णता काढून तो कॅन धुवायचं पाणी तापवायचा. आत फ्रिजमधल्यासारखा कृत्रिम गॅस नाही, साधा कार्बन डायऑक्साइड. आल्या आल्या अक्का टाकीला वर, मध्ये आणि तळाशी तळहात लावायच्या, अंगातला ताप बघावा तसा. वर चटका आणि खाली गारवा लागला, की स्वारी खूश.

"तळाचं पाणी गारच पायजे, पावणं. यंत्रात गार पाणी गेलं तरच ह्यो गॅस कमी विजेत काम करतोय. वरचं खाली कालवायचं न्हाय. आमटी हाय व्हय ही?"

इतकी वर्षं सोबत काम करूनही मी 'पावणं'च. डबा अक्का टाकीला पाठ टेकून एकट्याच खायच्या. "घरात कोण बसलंय वाट बघत? हितं पाठ तरी शेकतीया."

त्या गावी गेल्या असताना कॅन धुणाऱ्या बायका माझ्याकडे आल्या. शेवटच्या कॅनना पाणी कोमट येत होतं. मी टाकीला छोटा पंप जोडून पाणी फिरतं ठेवलं. बायका खूश झाल्या, पण विजेचा वापर भलताच वाढला. अक्का परतल्या आणि बिल बघून चेअरमनही यंत्र बघायला येणार म्हटल्यावर मी घाबरून पंप काढून ठेवला.

"हा गॅस आपल्या उन्हाळ्यात चालायचा नाही," चेअरमन म्हणाले.

अक्कांनी तळाला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. "पावणं, कुणी कालवलं हे?"

"कुणी नाही," मी म्हणालो.

यंत्र निघालं, जुना बॉयलर परत आला. जाताना अक्का म्हणाल्या, "येतो, साहेब." त्या एका शब्दात मी त्यांचा पाहुणाही उरलो नाही.

गेल्या महिन्यात गडहिंग्लजला गेलो. अक्कांच्या परसात तसलंच छोटं यंत्र आणि घागरीएवढी टाकी होती.

"एकटीला किती पाणी लागतंय, साहेब?"

मी टाकीच्या तळाला हात लावला. गार होता. हात तिथेच ठेवून म्हणालो, "अक्का, कालवलं मीच होतं. विचारलंत तेव्हा खोटं बोललो. चेअरमनना सकाळी सगळं सांगून आलोय. मला माफ करा."