आत्या युरोपात टीव्ही बघत होती

अन्याय झाला तो सुलोचनाबाईंवर, म्हणजे माझ्या सुलूआत्यावर. कधी? दोन वर्षांपूर्वी, वटपौर्णिमेच्या दुपारी, फोन स्पीकरवर असताना. कोणावर आणि कधी, हे पत्रकात पहिल्याच ओळीत लिहायचं असतं. मला दुसरं काही लिहिता येत नाही, म्हणून इथेही तसंच लिहिते. आत्या गेल्या महिन्यात गेली. मी सीबीएस बसस्थानकावर सिटी बसच्या बंद पडलेल्या फेऱ्यांची पत्रकं वाटत होते, तेवढ्यात आईचा फोन आला, "वन्सं गेल्या गं..." दहाव्याला गोदाकाठी सगळे कावळ्याची वाट बघत उभे असताना माझ्या मागे कोणीतरी हळूच म्हणालं, "युरोपला जाऊन टीव्ही बघून आली, तीच ना ही?" आणि दोघंतिघं हसले. दहाव्याला! लिहायचं, हे मी तिथेच ठरवलं.

आत्याचे यजमान ओझरच्या विमान कारखान्यात होते. ते गेल्यावर ती इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये एकटी राहायची, आणि मजेत राहायची. सकाळी ट्रॅकवर फेऱ्या, दर नवरात्रात वणीचा गड. तोही पायऱ्यांनी. गडावर नेणाऱ्या ट्रॉलीच्या रांगेत उभ्या असलेल्या तरण्या पोरांना विचारायची, "काय रे, पाय भाड्यानं आणलेत का?" माझ्या मोर्च्यांची चेष्टा करायची आणि मोर्च्यात यायचीही. तिचा मुलगा मंदारदादा इंग्लंडला असतो. त्यानं कॅरॅव्हॅन घेतली, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर, आणि आईला फोन केला, "ये, तुला सगळा युरोप दाखवतो." आत्या मेन रोडला जाऊन पांढरे बूट घेऊन आली. आई म्हणाली, "अहो वन्सं, नऊवारीवर बूट?" आत्या म्हणाली, "मग काय, तिथल्या डोंगरांना चपला दाखवू?"

मंदारदादा वाईट माणूस नाही, हीच तर यातली सगळ्यात वाईट गोष्ट आहे. आईची मालिका बुडू नये म्हणून त्यानं कॅरॅव्हॅनसाठी टीव्हीची छत्री घेतली, आपल्याकडे गच्चीवर असते तशीच, पण उचलून नेता येणारी. प्रत्येक मुक्कामी तो ती घेऊन उन्हात फिरायचा, हातातलं छोटं यंत्र पीं पीं करेपर्यंत कधी इकडे वळव, कधी तिकडे. छत्रीला दक्षिणेकडचं मोकळं आभाळ लागायचं. मध्ये एक झाड आलं तरी चित्र फुटायचं. म्हणून तळ्याकाठची, झाडाखालची जागा सोडून यांचं घर कायम टोकाला, उन्हात. आत्या फोनवर म्हणायची, "सगळे तळ्याकडे तोंड करून बसतात, मी आपली यमाच्या दिशेला." आम्ही हसायचो. छत्री लागली, चित्र आलं, की मंदारदादा म्हणायचा, "आई, तुझ्या गुडघ्यांना नाही झेपणार. तू आराम कर, आम्ही येतोच." आदल्या नवरात्रात गड चढलेले गुडघे! मग तो, वहिनी, मुलं निघायची. दाराची किल्ली त्यांच्याकडेच असायची. दार उघडं टाकून आत्या जाणार कुठे? संध्याकाळी सगळे दमून यायचे तेव्हा गरम पोळ्या तयार असायच्या. जेवताना कोणीतरी विचारायचं, "मग आजी, आज काय झालं मालिकेत?" आत्या सांगायची.

वटपौर्णिमेला आई वड पुजून आली आणि नणंदेला फोन लावला. तिकडे सगळे न्याहारीला बसलेले, म्हणून फोन स्पीकरवर. आत्या रंगात येऊन सांगत होती, की काल मालिकेतल्या सासूनं पिशवी भरली, कोणाला न सांगता घर सोडलं, आणि एका तळ्याच्या काठी पाण्यात पाय सोडून बसली. आई तीच मालिका रोज बघते. ती म्हणाली, "अहो वन्सं, कुठलं तळं? ती सासू तर चार दिवस दवाखान्यात बेशुद्ध पडलीय!" तिकडे सगळ्यांनी ते ऐकलं. मग आत्याच म्हणाली, "हो का? माझंच काहीतरी चुकलं असेल." आई अजून त्या वाक्याला रडते. तिचा काय दोष? तिनं खरं तेच सांगितलं होतं.

त्या दिवसापासून आत्या विसराळू ठरली. तिला इकडे परत सोडायला आल्यावर मंदारदादानं तिला डॉक्टरांकडे नेलं. तिथे काय निघालं ते कोणी आम्हाला नीट सांगितलं नाही, गोळ्या मात्र सुरू झाल्या. मग गॅस काढला आणि डबा लावला. "चालताना चुकेल" म्हणून सकाळचा ट्रॅक बंद केला. शेवटी फ्लॅटची किल्ली घेतली आणि ओझरच्या बाजूला म्हाताऱ्यांची काळजी घेणाऱ्या एका संस्थेत तिची सोय झाली. "सोय" हा शब्द मी तेव्हापासून पत्रकात वापरत नाही. तिथल्या हॉलमध्ये मोठा टीव्ही होता आणि सकाळपासून सगळ्यांना त्याच्यासमोर ओळीत बसवायचे.

मी जायचे तेव्हा तिला सगळं आठवायचं. माझ्या मागच्या मोर्च्याला माणसं किती कमी होती, हेसुद्धा. मग मी एकदा सरळच विचारलं, "आत्या, ती सासू तळ्यावर गेलेली तुला दिसली कुठे?"

"कुठं दिसणार? डोंगर लागल्यापासून टीव्हीवर नुसता निळा पडदा." ती हसली. "इंग्लंडपासून लांब जाऊ तसं ते विरत जातं म्हणे. सकाळी चित्र यायचं, मंदार खूश होऊन निघायचा, आणि गाडी वळणाआड जायच्या आत सगळं निळं."

"मग सांगायचं ना!"

"काय सांगू? दिवसभर निळ्या पडद्यासमोर बसले होते म्हणून? पोरांच्या घशाखाली घास उतरला असता का? म्हणून मीच रचायचे आपले भाग. मुलं आवडीनं ऐकायची गं."

"आणि डॉक्टरांकडे नेलं तेव्हा? तेव्हा तरी?"

ती म्हणाली, "तेव्हा दोनच गोष्टी हातात होत्या, बये. एक तर आई शहाणी आणि मुलगा तिला त्या चाकांवरच्या डब्यात ठेवून जाणारा. नाहीतर मुलगा चांगला आणि आई वेडी. मी आपली दुसरी घेतली."

"मी हे छापणार."

"छाप. पण मी आहे तोवर नको."

आता ती नाही. तिनं रचलेले भाग मी आईकडून, वहिनीकडून एकेक करून गोळा केले. प्रत्येक भागात ती सासू कुठे ना कुठे निघालेली आहे. कधी बसनं, कधी बोटीनं, एकदा चक्क डोंगर चढून देवीला. रोज संध्याकाळी पोळी वाढता वाढता आत्या भरल्या ताटावर सांगत होती, मला बाहेर न्या. घरात शिकलेली माणसं बसली होती. ती सगळी हसली, आणि पुढे तिला वेडी म्हणाली.

संस्थेनं तिचं सामान आमच्याकडे पाठवलं. दोन लुगडी, चष्मा, आणि त्या बुटांचं खोकं. बूट मी उलटे करून बघितले. तळ कोरे आहेत. सगळा युरोप पालथा घातलेल्या बुटांच्या खाचांमध्ये मातीचा कण नाही. मी ते आमच्या दाराशी ठेवलेत, येणाऱ्या प्रत्येकाला दाखवते. आईनं एकदा कपाटात ठेवले होते, मी परत काढले.

ही पुरवणी तुम्ही सुट्टीच्या दिवशी वाचताय. आतल्या खोलीत कोणीतरी टीव्हीसमोर बसलेलं असेल आणि तुम्ही मघाशीच म्हणाला असाल, तुम्ही बघा, आम्ही येतोच. जाऊ नका. आत जा, टीव्ही बंद करा, तिचे बूट नाहीतर चपला तिच्या पायाशी आणून ठेवा, आणि घराची किल्ली तिच्या हातात द्या.